अमेरिकेतली आमदारकी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेचं राजकारण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वॉशिंग्टन येतं. पण मुलाच्या शाळेला किती अनुदान मिळणार, विजेचा दर कोण ठरवणार, कोणत्या गुन्ह्याला किती शिक्षा होणार, हे बहुतांशी राज्याच्या राजधानीत ठरतं. खालची उत्तरं मुख्यतः आयोवा राज्य डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. तिथले नियम सुटसुटीत आहेत आणि नागपूरच्या स्वाती दांडेकर तिथे आधी हाउसमध्ये (राज्याच्या कनिष्ठ सभागृहात), मग सिनेटमध्ये (वरिष्ठ सभागृहात) निवडून आल्या होत्या. इतर राज्यांत नियम वेगळा असेल तिथे तसं सांगितलं आहे.

स्टेट रिप्रेझेंटेटिव्ह म्हणजे आपला आमदारच ना?

ढोबळमानाने हो. नेब्रास्का सोडलं तर प्रत्येक राज्यात दोन सभागृहं आहेत. नेब्रास्कात ४९ सदस्यांचं एकच सभागृह आहे आणि तिथे मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे पक्ष छापत नाहीत. आयोवात हाउसचे १०० सदस्य दोन वर्षांसाठी निवडले जातात आणि सिनेटचे ५० सदस्य चार वर्षांसाठी. हाउसचे दोन मतदारसंघ जोडले की सिनेटचा एक मतदारसंघ होतो. सिनेटही थेट मतदारच निवडतात, त्यामुळे तिची तुलना आपल्या विधान परिषदेशी करू नये.

खरा फरक पुढे आहे. राज्य सरकारचा प्रमुख असलेला गव्हर्नर जनतेतून थेट निवडला जातो, त्यामुळे बहुमत गेलं म्हणून सरकार पडत नाही आणि मंत्रिपदासाठी आमदारांची रस्सीखेचही होत नाही. आमदार निधी नावाची गोष्ट नाही, म्हणजे रस्त्याला किंवा समाजमंदिराला स्वतःच्या खात्यातून पैसे देता येत नाहीत. पक्षांतरबंदी कायदाही नाही.

बातम्या वाचताना एक घोळ नेहमी होतो. नुसतं ‘सिनेटर’ लिहिलेलं असेल तर तो राज्याचा की वॉशिंग्टनचा, हे बघून घ्यावं. आयोवाचे वॉशिंग्टनमधले सिनेटर दोन आणि राज्याच्या सिनेटमधले पन्नास.

एका आमदारामागे किती लोक असतात?

इथेच सगळं गणित बदलतं. २०२०च्या जनगणनेनुसार आयोवात हाउसच्या एका मतदारसंघात सुमारे ३२ हजार लोक येतात. न्यू हॅम्पशरच्या हाउसमध्ये तर ४०० सदस्य आहेत, म्हणजे साधारण साडेतीन हजार लोकांमागे एक. दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्नियाच्या असेंब्लीत ८० सदस्य आणि एकेकामागे जवळपास पाच लाख लोक. महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेनुसार हा आकडा चार लाखांच्या आत-बाहेर आहे. ३२ हजारांच्या मतदारसंघात चिकाटीचा माणूस एका उन्हाळ्यात निम्म्याहून जास्त घरं स्वतः पायी फिरू शकतो. प्रचार, खर्च आणि पुढची कारकीर्द या एका आकड्यावर उभी असते.

निवडणूक लढवायला पात्रता काय लागते? ग्रीन कार्ड चालतं का?

ग्रीन कार्ड चालत नाही, नागरिकत्व लागतं. मात्र जन्म अमेरिकेतला असण्याची अट नाही. ती राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षपदासाठी आहे. आयोवात हाउससाठी वय २१ आणि सिनेटसाठी २५ पूर्ण असावं, राज्यात एक वर्ष आणि मतदारसंघात ६० दिवस वास्तव्य असावं. काही राज्यांत वास्तव्याची मुदत बरीच जास्त आहे, तेव्हा घर बदलण्याआधी आपल्या राज्याचा नियम वाचावा.

इथे एक सावधगिरी आवर्जून सांगावीशी वाटते. वाहन परवान्याच्या काउंटरवर जो अर्ज भरून घेतात, त्यात मतदार नोंदणीचाही प्रश्न असतो. नागरिक नसताना घाईत तिथे खूण केली, सही केली, आणि पुढे मतदान केलं, तर नागरिकत्वाचा अर्ज फेटाळला जाण्यापासून हद्दपारीपर्यंत काहीही होऊ शकतं. ‘मला माहीत नव्हतं’ हे कारण पुरेलच असं नाही.

स्वाती दांडेकर यांची कारकीर्द नेमकी कशी घडली?

जन्म नागपूरचा, आणि १९७३पासून वास्तव्य आयोवात. सीडर रॅपिड्स शहराला लागून मॅरियन नावाचं गाव आहे. तिथल्या लिन-मार शाळा जिल्ह्याच्या मंडळावर त्या १९९६मध्ये निवडून आल्या. आयोवात शाळा मंडळाच्या सदस्यांना मानधन नसतं. पण अंदाजपत्रक, शिक्षकांचे करार, नव्या इमारतीसाठी कर्जरोखे, संतापलेल्या पालकांच्या भरगच्च सभा, हे सगळं तिथे शिकायला मिळतं. सहा वर्षं हे काम केल्यावर २००२मध्ये त्या डेमोक्रॅटिक पक्षाकडून हाउससाठी उभ्या राहिल्या.

त्या निवडणुकीत प्रतिस्पर्धी उमेदवाराचा एक ई-मेल गाजला. भारतात जन्मलेली, वाढलेली व्यक्ती मिडवेस्टच्या (आयोवा आणि आसपासच्या राज्यांच्या) मूल्यांचं प्रतिनिधित्व कसं करणार, असा त्याचा रोख होता. मतदारांनी दांडेकरांना निवडून दिलं.  शाळा मंडळावरची सहा वर्षं पाठीशी नसती तर तो ई-मेल भारी पडला असता, असं आमचं मत आहे. ज्या बाईंशी लोक शाळेच्या बसवरून भांडले होते, त्या बाई त्यांच्यासाठी परक्या उरल्याच नव्हत्या.

हाउसमध्ये तीन वेळा निवडून आल्यावर २००८मध्ये त्यांनी सिनेटची जागा जिंकली. ती आधी रिपब्लिकन पक्षाकडे होती. २०११मध्ये त्यांनी राजीनामा दिला. तो किस्सा खाली वेगळ्या प्रश्नात आहे, कारण त्यातून राज्याच्या राजकारणाची घडण चांगली कळते.

उमेदवारी अर्ज कसा भरतात? अर्ज कुठे बाद होतात?

आयोवात अनामत रक्कम नाही, सह्या लागतात. प्रमुख पक्षाच्या प्रायमरीसाठी (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानासाठी) हाउसला ५० आणि सिनेटला १००. सह्या त्या मतदारसंघात राहणाऱ्या पात्र मतदारांच्याच हव्यात. सोबत नोटरीसमोर सही केलेलं उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र लागतं. सगळे कागद मार्चमधल्या मुदतीच्या आत डे मॉइन इथे राज्य सचिवांच्या कार्यालयात पोहोचायला हवेत.

ऐकायला सोपं वाटतं. गडबड कागदाच्या वरच्या भागात होते: उमेदवाराचं नाव, पद, मतदारसंघाचा क्रमांक, पक्ष. हे प्रत्येक पानावर सही घेण्याआधी भरलेलं असावं. कोरी पानं वाटून नंतर मजकूर भरायचा, हा शॉर्टकट अंगाशी येतो. दुसरी चूक पत्त्याची. रस्त्याची एक बाजू तुमच्या मतदारसंघात असते आणि समोरची शेजाऱ्याच्या. म्हणून नकाशा सोबत ठेवून सही घेताना पत्ता तिथल्या तिथे तपासावा. तिसरी चूक तारखेची.

तारखेचं प्रकरण किती ताणलं जाऊ शकतं, हे २०२२मध्ये दिसलं. आयोवाच्या हाउसमध्ये आमदारकी करून पुढे काँग्रेसमध्ये (वॉशिंग्टनच्या संसदेत) गेलेल्या ॲबी फिंकेनॉर तेव्हा अमेरिकेच्या सिनेटसाठी उभ्या होत्या. मोजक्या तीन सह्यांपुढे तारीख नव्हती किंवा चुकली होती, आणि त्यावरून जिल्हा न्यायालयाने त्यांचं नाव मतपत्रिकेवरून काढायला सांगितलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते परत ठेवलं, पण ऐन प्रचाराचे दिवस कोर्टात गेले. म्हणून जाणते लोक ५० हव्या असतील तर १०० सह्या गोळा करतात, आणि अर्ज शेवटच्या दिवशी नेत नाहीत.

तिकीट कोण देतं?

मतदार. पक्षाच्या श्रेष्ठींनी यादी जाहीर करण्याची पद्धतच नाही. जूनमध्ये पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी प्रायमरी होते आणि जो जिंकेल तो पक्षाचा उमेदवार. पक्षाच्या नेत्यांना नको असलेला माणूसही असा निवडून येतो. आयोवाचा एक नियम वेगळा आहे: कोणालाच ३५ टक्के मतं मिळाली नाहीत, तर निर्णय पक्षाच्या अधिवेशनात जातो. तिरंगी-चौरंगी लढतीत प्रतिनिधींशी आधीपासून बोलून ठेवणारा तिथे बाजी मारतो.

ज्या मतदारसंघात एकाच पक्षाचा वरचष्मा आहे तिथे नोव्हेंबरची निवडणूक उपचारापुरती उरते. खरी लढत जूनमध्येच होऊन जाते, आणि तेव्हा मतदानाला येणारे लोक फार थोडे असतात. अशा ठिकाणी दोनशे मतांनी कारकीर्द सुरू होते किंवा संपते.

प्रचार म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं?

चालायचं. सभा, मिरवणुका, मोठे फलक यांचा उपयोग या पातळीवर कमीच. पक्षाकडून मतदार यादी मिळते. तिच्यात नाव, पत्ता, पक्षनोंदणी आणि आधीच्या कोणत्या निवडणुकांत मतदान केलं, हे सगळं असतं. कोणाला मत दिलं हे अर्थातच नसतं. त्यावरून गल्लीवार यादी काढतात आणि फोनमधल्या ॲपमध्ये घेऊन निघतात.

घरं जवळजवळ असतील तर तासाला १५ ते २० दारं होतात. निम्म्याहून जास्त दारं उघडतच नाहीत. उघडलं तर तुमच्याकडे अर्धा मिनिट असतं: नाव, कशासाठी उभे आहात, आणि लगेच ‘तुम्हाला कशाची काळजी वाटते?’ मग गप्प बसून ऐकायचं. उत्तर तिथल्या तिथे नोंदवायचं आणि संध्याकाळी हाताने चार ओळींची चिठ्ठी लिहायची. घंटी वाजवल्यावर दोन पावलं मागे सरकून उभं राहावं, म्हणजे आतल्या माणसाला तुम्ही नीट दिसता. संध्याकाळी साडेआठनंतर कोणाच्या दारी जाऊ नये.

दार बंद असेल तर पत्रक कडीला अडकवायचं. पत्रपेटीत टाकायचं नाही! टपाल तिकीट न लावलेला कागद पत्रपेटीत टाकायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. नवे स्वयंसेवक हमखास इथेच चुकतात आणि पोस्टमास्तरचा फोन येतो. अंगणात लावायच्या पाट्यांचंही तसंच: घरमालकाची परवानगी घ्यायची आणि रस्त्याकडेच्या सरकारी पट्ट्यात लावायच्या नाहीत, नाहीतर रस्ते खात्याची माणसं त्या उचलून नेतात.

भारतातून नातेवाइकांनी प्रचाराला पैसे पाठवले तर?

अजिबात घेऊ नयेत. परदेशी नागरिकांनी देणगी देण्यावरची केंद्रीय बंदी गावच्या शाळा मंडळापासून सगळ्या निवडणुकांना लागू आहे. एच-वन-बी व्हिसावरची व्यक्तीही इथे परदेशी नागरिकच ठरते. तिला देणगी देता येत नाही, निधी गोळा करण्याचे किंवा खर्चाचे निर्णयही घेता येत नाहीत. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून दारोदार फिरायला किंवा पाकिटं भरायला हरकत नाही. ग्रीन कार्डधारक मात्र देणगी देऊ शकतात.

महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात उमेदवाराला बोलवायचं असेल तर मंडळाची नोंदणी तपासा. करमाफी असलेल्या धर्मादाय संस्थेला कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. सगळ्या उमेदवारांना सारखं आमंत्रण द्यावं आणि देणगीची पेटी मांडवाबाहेरच राहू द्यावी.

आयोवात व्यक्तीने किती रक्कम द्यावी यावर मर्यादा नाही, पण कंपनीच्या खात्यातला धनादेश उमेदवाराला घेता येत नाही. दुकानदार मित्र सहज दुकानाच्या चेकबुकातून चेक फाडून देतात. तो परत करून वैयक्तिक खात्यातला मागावा. बहुतेक राज्यांत प्रत्येक देणगीवर कमाल मर्यादा असते, आणि हिशेब ठरलेल्या तारखांना जाहीर करावा लागतो. खजिनदार निवडताना लोकप्रिय माणसापेक्षा तारखा पाळणारा माणूस बघावा.

पगार किती? घर चालतं का?

आयोवात वर्षाला २५,००० डॉलर, शिवाय अधिवेशनाच्या दिवसांचा भत्ता आणि प्रवासखर्च. विषम वर्षी ११० दिवसांनंतर आणि सम वर्षी १०० दिवसांनंतर भत्ता थांबतो, त्यामुळे एप्रिलअखेर सगळ्यांना घरची ओढ लागते. न्यू हॅम्पशरमध्ये वर्षाला १०० डॉलर. टेक्सासमध्ये ७,२०० डॉलर आणि भत्ता. तिथे नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, १४० दिवसांचं. न्यू मेक्सिकोत पगारच नाही, फक्त भत्ता. न्यूयॉर्कमध्ये २०२३पासून १,४२,००० डॉलर, म्हणजे पूर्णवेळ नोकरीच.

कमी पगाराचा परिणाम सभागृहात दिसतो: शेतकरी, वकील, निवृत्त शिक्षक, स्वतःचा धंदा असलेले लोक. जानेवारी ते एप्रिल रजा न मिळणारा नोकरदार उभाच राहू शकत नाही. लहान मुलं आणि घराचं कर्ज असलेल्या तरुण जोडप्यांची बाजू त्यामुळे सभागृहात कमी मांडली जाते, आणि आम्हाला हा या व्यवस्थेचा मोठा दोष वाटतो.

आमदाराचं रोजचं काम कसं चालतं? विधेयक कुठे अडतं?

आयोवाच्या साध्या आमदाराला स्वतःचं कार्यालय नसतं. सभागृहातलं लाकडी बाक हेच ऑफिस. शेजारी खुर्चीवर एकच क्लार्क, बाकावर मतदानाची बटणं, आणि मतदारसंघातून आलेले शाळकरी विद्यार्थी वरच्या गॅलरीतून बघत असतात. कोणाला भेटायचं असेल तर बाहेर दारापाशी चिठ्ठी द्यायची. शिपाई ती बाकापर्यंत नेतो. काम साधारण सोमवार ते गुरुवार. शनिवारी सकाळी गावातल्या ग्रंथालयात किंवा शाळेत मतदारांसमोर उभं राहून प्रश्नांना तोंड द्यायचं.

विधेयक तीन जणांच्या उपसमितीपासून सुरू होतं. बैठक खुली असते. कोणीही सामान्य माणूस येऊन दोन मिनिटं बोलू शकतो आणि त्याचा परिणामही होतो, कारण समोर तीनच माणसं असतात. तिघांपैकी दोघांनी सही केली तर विधेयक समितीपुढे जातं. मग ‘फनेल’ येते. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास ठरलेल्या तारखेपर्यंत समितीने मंजूर केलं नाही, तर विधेयक त्या वर्षापुरतं संपलं. काही आठवड्यांनी दुसरी फनेल येते: तोवर दुसऱ्या सभागृहाच्या समितीतून ते बाहेर पडायला हवं. खर्चाच्या आणि कराच्या विधेयकांना ही मुदत लागू नाही. म्हणूनच अडकलेला विषय शेवटच्या आठवड्यात एखाद्या खर्चाच्या विधेयकात कलम म्हणून पुन्हा डोकं वर काढतो.

फनेलमधून सुटलं तरी बहुमतवाल्या पक्षाचा नेता ते चर्चेला घेईल तेव्हाच मतदान होतं. हाउसमध्ये ५१ आणि सिनेटमध्ये २६ मतं लागतात. हजर सदस्यांचं साधं बहुमत पुरत नाही. गैरहजर राहणं म्हणजे विरोधात मत देण्यासारखंच. बहुतेक विधेयकं विरोधामुळे मरत नाहीत. उपसमितीची बैठकच लागली नाही, म्हणून मरतात. नव्या आमदाराने म्हणून दहा विधेयकं मांडण्यापेक्षा एकाच विधेयकासाठी समितीच्या अध्यक्षाकडे चार वेळा जावं.

एका आमदाराच्या राजीनाम्याने एवढं काय बिघडतं?

२०११मध्ये आयोवाच्या सिनेटमध्ये डेमोक्रॅट २६ आणि रिपब्लिकन २४ होते. गव्हर्नर टेरी ब्रॅन्स्टॅड रिपब्लिकन, हाउसही त्यांच्याच पक्षाकडे. त्यांनी स्वाती दांडेकर यांना राज्याच्या वीज-गॅस सेवांवर देखरेख करणाऱ्या युटिलिटीज बोर्डावर नेमलं. त्या तीन सदस्यांच्या बोर्डावर एकाच पक्षाचे दोनपेक्षा जास्त सदस्य नेमता येत नसत, त्यामुळे दुसऱ्या पक्षाची व्यक्ती नेमण्यात नवल नव्हतं. पण त्यांनी सिनेटचा राजीनामा देताच सभागृहाचा तोल २५-२४ झाला आणि पोटनिवडणूक सगळ्या राज्याची लढाई बनली. रिपब्लिकन जिंकले असते तर २५-२५. समलिंगी विवाहाविरुद्धची घटनादुरुस्ती सिनेटने अडवून धरली होती, तीही मार्गी लागण्याची शक्यता होती. नोव्हेंबरमध्ये टीव्हीवरच्या माजी वृत्तनिवेदिका लिझ मॅथिस डेमोक्रॅटिक पक्षाकडून जिंकल्या आणि २६-२४ कायम राहिलं.

प्रत्येक राज्यात पोटनिवडणूक होतेच असं नाही. मेरीलँडमध्ये जागा रिकामी झाली की त्याच पक्षाची स्थानिक समिती नाव सुचवते आणि गव्हर्नर नेमणूक करतो.

पक्ष बदलला तर आमदारकी जाते का?

नाही. एप्रिल २०२३मध्ये नॉर्थ कॅरोलायनात ट्रिशिया कोथम डेमोक्रॅटिक पक्षातून रिपब्लिकन पक्षात गेल्या आणि हाउसमध्ये त्या पक्षाच्या १२०पैकी ७२ जागा झाल्या. गव्हर्नरचा नकाराधिकार उलटवायला हव्या तेवढ्याच. पुढच्याच महिन्यात गर्भपातावर निर्बंध घालणारा कायदा नकाराधिकार डावलून मंजूर झाला. मतदारांच्या हाती पुढच्या निवडणुकीपर्यंत काही नव्हतं.

दर दहा वर्षांनी मतदारसंघ बदलतात, तेव्हा काय होतं?

बहुतेक राज्यांत आमदारच नकाशा आखतात आणि आपली जागा सांभाळतात. आयोवात विधिमंडळाची पक्षनिरपेक्ष कर्मचारी संस्था तो आखते आणि आमदार कुठे राहतात हे तिला कायद्याने बघता येत नाही. त्यामुळे एका सकाळी दोन आमदार एकाच मतदारसंघात आलेले आढळतात. मग एकाने घर बदलायचं, निवृत्त व्हायचं, किंवा दोघांनी लढायचं.

आमदारकीनंतर पुढे काय?

सगळे वॉशिंग्टनला जात नाहीत, आणि जायची इच्छा असूनही जमत नाही. दांडेकर २०१४मध्ये काँग्रेससाठी प्रायमरी लढल्या, पण उमेदवारी पॅट मर्फी यांना मिळाली. पुढे राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी त्यांना मनिला इथल्या आशियाई विकास बँकेवर अमेरिकेच्या संचालक म्हणून राजदूताच्या दर्जाने नेमलं.

कुमार बर्वे १९९०मध्ये मेरीलँडच्या हाउसवर निवडून आले. कोणत्याही राज्याच्या विधिमंडळात निवडून आलेले ते पहिले भारतीय वंशाचे नेते. २००३ ते २०१५ ते बहुमतवाल्या पक्षाचे सभागृह नेते होते, त्यानंतर पर्यावरण व वाहतूक समितीचे अध्यक्ष. २०१६मध्ये काँग्रेससाठी प्रायमरीत उतरले, ती जेमी रॅस्किन यांनी जिंकली. बर्वे विधिमंडळात ३२ वर्षं काढून २०२३मध्ये राज्याच्या लोकसेवा आयोगावर गेले. तिथेही काम तेच, वीजदर आणि वीजकंपन्यांवर देखरेख. दोन मराठी आडनावं, दोन वेगळी राज्यं, आणि दोघांनाही विजेच्या नियामकाची खुर्ची मिळाली. एखाद्या विषयाचे कागद वर्षानुवर्षं वाचलेल्या आमदाराला अशी दारं उघडतात.

श्री ठाणेदार यांचा मार्ग उलटा. बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीचे ठाणेदार मिशिगनमधले उद्योजक. २०१८मध्ये स्वतःचे पैसे ओतून त्यांनी थेट गव्हर्नरपदाची प्रायमरी लढवली आणि तिसरे आले. मग एक पायरी खाली उतरून २०२०मध्ये डेट्रॉइटमधून राज्याच्या हाउसवर निवडून गेले, आणि २०२२मध्ये काँग्रेसमध्ये.

मला सुरुवात करायची आहे. आजपासून काय करू?

आधी आपल्या काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा भाग) निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर जाऊन तुमच्या घरावर कोणकोणते मतदारसंघ लागू होतात ते काढा: शाळा मंडळ, नगर परिषद, काउंटी, राज्याचं हाउस, सिनेट. मग शाळा मंडळाच्या तीन बैठकांना जाऊन नुसतं बसा. ग्रंथालय, उद्यानं, नियोजन अशा नेमणुकीच्या समित्यांत नेहमी जागा रिकाम्या असतात. अर्ज एक-दोन पानांचा असतो. पुढच्या निवडणुकीत दुसऱ्या कोणासाठी तरी चाळीस तास दारोदार फिरा. आणि उभं राहायचं नक्की झालं की निधीची समिती नोंदवण्याआधी घरातल्या माणसांना जानेवारी ते एप्रिलचं कॅलेंडर दाखवा.